पहिल्या ओळीपुरती आई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. अक्काला तर नाहीच — आणि खरं म्हणजे तिलाच सांगायला पाहिजे होतं. तुमची-माझी ओळख नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. हाही भित्रेपणाच, नाही का?

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पुण्यात एका कंपनीत मी प्रोग्राम लिहितो. आलेल्या फाइलीत नक्की काय आहे — मजकूर, फोटो, की नुसता कचरा — हे ओळखणारा प्रोग्राम माझा. फाइलीच्या नावावर भरवसा ठेवायचा नाही, तिची सुरुवातीची शंभरेक अक्षरं वाचायची आणि ठरवायचं. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला पहिला माणूस मीच. गंगाखेडजवळच्या आमच्या गावानं शाल घालून माझा सत्कार केला. मला अभिमान होता. आजही आहे, खोटं कशाला बोलू?

अक्का, माझी थोरली बहीण — आई तिला सुमी म्हणायची — दहावीनंतर घरी बसली. दोघांतल्या एकालाच शिकवता येणार होतं. तो मी झालो. ती गंगाखेडला तहसीलसमोरच्या दुकानात मराठी टायपिंग करायची — शपथपत्रं, अर्ज. आजारी आई तिथल्या दवाखान्यात यायची आणि दुपारी दुकान रिकामं असलं की अक्काजवळ स्टुलावर बसून बोलत राहायची. माहेरचं, शेतातलं, कुणाशी कशावरून भांडली ते. अक्का ते जसंच्या तसं टाइप करायची. एक अक्षर शुद्ध करायची नाही.

मग आई गेली. दुकान बंद पडलं, मालकानं कॉम्प्युटर विकले. अक्कानं ती फाइल तेवढी पेनड्राइव्हवर घेतली. एकच प्रत.

वर्षश्राद्धाला मी गावी गेलो, तेव्हा तिनं तो पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. आईचं बोलणं छापून नातेवाइकांना वाटायचं होतं तिला. मी माझ्या लॅपटॉपवर फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी, डोक्यावर टोप्या घातलेली अक्षरं, मधेच पौंडाच्या खुणा.

“त्याला आमच्या दुकानातला फॉन्ट टाकावा लागतोय, बापू,” अक्का म्हणाली. “त्याबगर असंच दिसतंय.”

तिनं सांगितलं होतं. पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं —

मी हसलो. मामा, मावश्या भोवती बसलेले. मी ऐटीत माझा प्रोग्राम चालवून दाखवला. उत्तर आलं : मजकूर नाही. “बघ,” मी म्हणालो, “यात काहीच नाही. सेव्ह करताना तूच बिघडवलंस. टायपिंगच्या दुकानातलं ज्ञान इथं चालत नसतंय, अक्का.”

“इंजिनेर म्हणायलाय म्हणल्यावर तू कशाला मधी तोंड घालायलीस गं?” मामा म्हणाले.

मी तिच्यादेखत पेनड्राइव्ह पुसला आणि त्यावर माझ्या सत्काराचे फोटो भरून दिले.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, कुणाचीही होते. थांबा. मी अजून मुद्द्यावर आलोच नाही.

सात-आठ महिन्यांनी ऑफिसात एका जुन्या मराठी मासिकाच्या फाइली आल्या. माझा प्रोग्राम त्यांनाही ‘मजकूर नाही’ म्हणाला. तशीच टोप्या घातलेली अक्षरं. शेजारी बसणाऱ्या मुलीनं एक जुना फॉन्ट टाकला — आणि पडदाभर मराठी उमटली. पूर्वीच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरं बसवलेली असायची. अक्काला ते ठाऊक होतं. मला नव्हतं. मी जन्मात मराठीचं एक पान टाइप केलं नव्हतं.

तिला फोन केला का? नाही.

आणि याहून वाईट आहे ते हे. माझा प्रोग्राम तपासलेल्या प्रत्येक फाइलीची सुरुवात नोंदवून ठेवतो. मी लॅपटॉप धुंडाळला. त्या दिवसाची नोंद सापडली. एकेक जुना फॉन्ट लावून पाहिला. चौथा लागला —

“लिव्ह गं सुमे. आदी तुजं नाव लिव्ह, मंग माजं. तुजी शाळा म्या सोडिवली, ते मला”

बस. इथं तुटतं. किती अक्षरं वाचायची, ते मीच ठरवलं होतं ना?

ही ओळ दाखवायची म्हणजे बाकीचं कुणी पुसलं तेही सांगायचं. म्हणून दाखवली नाही. पाच वर्षं झाली.

अक्कानं टायपिंग सोडलं. ‘माझ्याच हातानं आईचं बोलणं गेलं,’ म्हणते. आता ब्लाउज शिवते. लेकीच्या प्रत्येक कागदाच्या पाच-पाच झेरॉक्स काढून वेगवेगळ्या डब्यांत ठेवते, कुठल्याच कॉम्प्युटरला हात लावत नाही. मागच्या महिन्यात तिच्या घरी गेलो होतो. शिवता शिवता मशीन थांबवून म्हणाली, “सुरवातीला माझंच कायतरी म्हणली होती बघ आई. टाइप करताना बोटं चालतेत, ध्यानात काय ऱ्हात न्हाई. लय आठवून बघते, बापू. आठवंनाच.”

ओळ माझ्या खिशातल्या फोनमध्ये होती.

“जाऊ दे, अक्का,” मी म्हणालो. आणि तिनं केलेला चहा प्यालो.