लेई उस्तादांचा मदतीचा अर्ज

लेई थ्येनबाओला आपल्याला काय झालंय ते न्हाव्याच्या खुर्चीत कळलं, तेही एका परक्या ट्रकवाल्याकडून.

हूनानमधल्या त्या नदीकाठच्या गावात लेईला सगळे उस्ताद म्हणत. तो पिंजारी. वयाच्या पंधराव्या वर्षी धनुकली खांद्यावर घेऊन गावोगाव हिंडायला लागला आणि पुढं भात-बाजारामागच्या गल्लीत त्यानं स्वतःचं दुकान थाटलं. मुलीचं लग्न ठरलं की आई आधी लेईकडे यायची. तो कापूस पिंजायचा, थर लावायचा, त्यावर लाल धाग्यांनी लग्नाचं 'दुहेरी सुख' हे जोड-अक्षर काढायचा आणि लाकडी चकतीवर उभा राहून, कंबर हलवत रजई दाबून घ्यायचा. दिवसभर धनुकलीच्या तातीचा टणत्कार आणि दुकानभर उडणारा कापूस. संध्याकाळी बायको क्वेईझन त्याला दारातच झटकायची, मग आत घ्यायची. तोंडाला फडकं बांध असं ती सांगायची. "फडकं बांधलं तर गाणं कसं म्हणू," असं म्हणून तो टाळायचा.

खोकला लागला तो असाच, हळूहळू. आधी जिना चढताना, मग बोलताना. गेल्या वर्षी शरदाच्या पुनवेच्या सणाआधी लेक यानली त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात घेऊन गेली. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसा." तो बाहेर बसून सुपारी चघळत राहिला. थोड्या वेळानं मायलेकी बाहेर आल्या. यानली म्हणाली, "जुना खोकला आहे बाबा. छातीत कापूस बसलाय. औषध घेत राहायचं." क्वेईझन तोंड धुऊन आली होती. उकाडा फार आहे, म्हणाली.

लेईला ते पटलं. छातीत कापूस बसणार नाही तर काय बसणार?

त्या दिवशी सकाळी तो पेंग न्हाव्याकडे दाढीला बसला होता. शेजारच्या बाकावर एक ट्रकवाला नंबर लागायची वाट बघत मोबाईल चाळत होता. मधेच त्यानं मान वर केली, लेईकडे पाहिलं, पुन्हा मोबाईलकडे पाहिलं.

"उस्ताद, हे तुम्हीच ना?"

पेंगचा वस्तरा गालावर थांबला. "अरे बाबा, तुझा नंबर आलाय का? नाही ना? मग गप बस की," तो ट्रकवाल्यावर खेकसला. पण तोवर मोबाईल लेईच्या हातात आला होता.

फोटो त्याचाच होता, नव्या वर्षाला काढलेला. त्यात तो हसत होता. खाली यानलीनं लोकांकडे पैशांची मदत मागणारा अर्ज लिहिला होता. लेई सावकाश वाचणारा माणूस. वाचताना त्याचे ओठ हलत. 'माझ्या वडिलांची फुफ्फुसं सुकलेल्या घोसाळ्याच्या जाळीसारखी कडक होत चालली आहेत. इस्पितळानं हात टेकले आहेत. दोन वर्षं, फार तर तीन, असं डॉक्टर म्हणतात. दक्षिणेत समुद्रकाठच्या शहरात एक दवाखाना स्वतःच्याच रक्तातल्या पेशी वाढवून पुन्हा अंगात सोडतो. त्यानं लोक बरे होतात; लीलिंगचे शेन त्यानंच बरे झाले. तेवढा खर्च आम्हाला झेपत नाही. कृपा करा. वडिलांना यातलं काही माहीत नाही.'

त्याखाली ओळखीच्या माणसांनी साक्ष दिली होती, की हे खरं आहे, आम्ही या माणसाला ओळखतो. पहिलं नाव पेंगच्या बायकोचं. मग नूडलवाली थांगकाकू. मग शाळेचा पहारेकरी. आणि सगळ्यांत शेवटी हू. तोच हू, ज्यानं समोरच यंत्राच्या रजयांचं दुकान टाकून लेईचं निम्मं गिऱ्हाईक पळवलं होतं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. हूनं लिहिलं होतं, 'माझ्या मुलीची रजई यांनीच केली. मशीनवर तशी होत नाही.'

लेईनं मोबाईल परत दिला. अर्ध्या गालाला साबण तसाच होता.

"पेंग, तुला कधीपासून माहीत आहे?"

पेंग वस्तरा पुसत राहिला. "बायको बोलली होती," तो म्हणाला. "दाढी पुरी करू दे, उस्ताद."

"कर," लेई म्हणाला. पेंगनं दाढी पुरी केली आणि पैसे घ्यायला नकार दिला, तेव्हा लेईला आठवलं की तो बऱ्याच महिन्यांपासून पैसे घेत नव्हता. आज सुट्टे नाहीत, आज राहू दे, असं काहीतरी सांगायचा. आणि थांगकाकू वाडग्यात न मागता जास्तीचं अंडं टाकायची. लेईला वाटायचं, वय झालं की लोक मान देतात.

घरी क्वेईझन मिरच्या चिरत होती. तो समोरच्या स्टुलावर बसला.

"घोसाळ्याची जाळी," तो म्हणाला.

सुरी थांबली. तिनं वर पाहिलं नाही. "कोणी सांगितलं?"

"एका ट्रकवाल्यानं. सगळ्या गल्लीला ठाऊक. हूला ठाऊक. मलाच तेवढं नाही."

"सांगून काय केलं असतंस? जेवण सोडलं असतंस. तुझ्या बापाला सांगितलं होतं, तर तो महिन्यात गेला. तूच म्हणायचास की उगाच सांगितलं."

खरंच तो तसं म्हणायचा. क्वेईझननं मिरचीच्या हातांनी डोळे पुसले आणि मग खरोखरच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो उठून तिच्यासाठी ओला टॉवेल घेऊन आला. इतके दिवस ही बाई शेजारी झोपली, त्याचा श्वास मोजत असेल, आणि सकाळी उठून म्हणायची, आज खोकला बरा वाटतोय.

दोन दिवसांनी यानली दोंगग्वानहून आली. तिथं ती बुटांच्या कारखान्याच्या कचेरीत कामाला होती. बाप ओरडेल अशी तयारी करूनच ती दारात उभी राहिली. लेई ओरडला नाही.

"बस," तो म्हणाला. "आता मला सगळं सांग. बाहेर बसवू नकोस."

तिनं सांगितलं. औषधानं रोग थोडा मंदावतो, जात नाही. फुफ्फुस बदलायचं तर वय आणि खर्च दोन्ही आड येतात. राहिला तो पेशींचा दवाखाना. लोकांनी दिलेले पैसे जवळपास पुरेसे झाले होते. फक्त काढून भरायचे बाकी होते.

"अर्जात ज्याचं नाव घेतलंस तो बरा झालेला शेन खरंच आहे का?"

"आहेत की बाबा. हे बघा." तिनं दवाखान्याचा व्हिडिओ लावला. एक सडपातळ माणूस जिना चढत होता. वरच्या पायरीवर थांबून, कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "मी शेन, लीलिंगच्या भट्टीवर कामाला. आता तांदळाचं पोतं तिसऱ्या मजल्यावर नेतो."

लेईनं तो दोनदा बघितला. मग म्हणाला, "लीलिंग काही चंद्रावर नाही. बसनं जाऊन येऊ. माणसाला भेटू, मग पैसे भरू."

"बाबा, तुम्हाला प्रवास..."

"पोतं नेणाऱ्याला भेटायला जायचंय. मला पोतं न्यायचं नाहीये."

बस दुपारी लीलिंगला पोचली. चिनी मातीच्या भट्ट्यांच्या भागात विचारत विचारत, दर थोड्या अंतरावर लेईला कठड्यावर बसवत, यानलीनं घर शोधलं. दारात एक बाई पालेभाजी निवडत होती.

"शेन उस्ताद इथंच राहतात का?" लेईनं विचारलं.

बाईनं दोघांकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मलाही तोच आजार आहे वहिनी. ते बरे झाले असं ऐकलं. दोन शब्द विचारायचे होते."

बाईनं टोपली खाली ठेवली. "कोण बरं झालं?" ती म्हणाली. "त्यांना जाऊन दुसरं वर्ष चाललंय."

यानलीनं मोबाईल पुढे केला, जणू त्यात काहीतरी चूक आहे आणि ती बाईच दुरुस्त करील. व्हिडिओ सुरू झाला. शेनवहिनींनी आधी डोळे बारीक केले. मग त्यांचा हात तोंडाशी गेला.

"हा आमचाच जिना," त्या म्हणाल्या. "पण हे आधीचं आहे. सुई घ्यायच्या आधीचं. तिथल्या माणसानं सांगितलं, मनात ठेवा की बरे झालो, तसं बोलून दाखवा, अंग ऐकतं. वर खर्चात सूट देतो म्हणाला. दोनदा जाऊन आले ते. दुसऱ्या खेपेनंतर चार महिन्यांत..."

जिन्याच्या वरच्या पायरीवर शेन पुन्हा सांगत होता की तो पोतं नेतो. यानलीनं घाईनं आवाज बंद केला.

"बंद का केलंत?" शेनवहिनी म्हणाल्या. "पुन्हा लावता का? माझ्याकडे त्यांचा आवाज कुठंच नाही. माझा फोन साधा आहे."

यानलीच्या हातून मोबाईल घेऊन लेईनंच लावून दिला. ती बाई उभ्याउभ्या तो पाहत राहिली, पुन्हा आणि पुन्हा. मग म्हणाली, "हे सगळ्या मुलखात दाखवतात का?"

"हो," लेई म्हणाला.

"काढून टाकायला सांगा त्यांना. पण आधी मला कुठूनतरी त्याची एक नक्कल करून द्या."

परतीच्या बसमध्ये गाव जवळ आल्यावर यानली एवढंच म्हणाली, "मी त्या माणसाचं नाव लिहिलं होतं, बाबा. अर्जात. शेन बरे झाले म्हणून."

तिनं अर्ज बंद केला. बंद करताना काय घडलं तेही लिहिलं, शेनच्या बायकोनं सांगितलेलं सगळं. पैसे ज्याचे त्याला परत जायला लागले. दवाखान्यातून एका गोड आवाजाच्या बाईचा फोन आला. लिखाण काढा, नाहीतर वकील बोलतील, असं ती म्हणाली. दाराशी हू आला. इतक्या वर्षांनी तो उंबऱ्यात उभा होता.

"माझे पैसे परत आले," तो म्हणाला. "ऑक्सिजनचं यंत्र घे त्यात. मशीनच आहे, पण ते तरी तुला चालेल ना?"

लेईला हसू आलं आणि हसताहसता खोकला. हूनं त्याची पाठ चोळली.

इथं गोष्ट मिटायला हवी होती. पण महिन्याभरानं यानलीच्या फोनवर एक अनोळखी नंबर आला. रजा काढून घरी आलेली ती फोन घरीच ठेवून वाण्याकडे गेली होती, म्हणून लेईनं उचलला. च्यांगशी प्रांतातला एक तरुण होता. आवाजात घाई होती.

"ताई आहेत का? तुमची पोस्ट वाचूनच आम्ही वडिलांना इथं या दवाखान्यात आणलं. काल पहिली सुई झाली. पुढची कधी घ्यायची, तुमच्या वडिलांना काय त्रास झाला, एवढंच विचारायचं होतं."

अर्ज बंद केला होता, पण बंद होण्याआधी तो कुठं कुठं गेला होता कुणास ठाऊक. हजारोंनी पुढं पाठवला होता. नंतर लिहिलेलं कोणी वाचलंच नव्हतं.

"मीच तो बाप," तो म्हणाला. "बाळा, तिथून निघा. मी गेलोच नाही. शेन मेलाय."

मुलाचा आवाज बदलला. "आता कसं सांगता? आम्ही ट्रक विकलाय. तुमचे पैसे जमले म्हणून आता..." मागून कुणीतरी विचारत होतं, कोण आहे रे? फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्यासारखा खरखरला, आणि लेईला श्वास ऐकू आला. तोच श्वास. कोरड्या पाल्यावरून कुणी चालावं तसा.

"लेई उस्ताद का?" म्हातारा आनंदानं म्हणाला. "पोरानं तुमचा फोटो दाखवला होता. तुम्ही बरे झालात म्हणायचं. माझाही कापूसच आहे, गिरणीतला. पोरगा म्हणतो, जुना खोकला."

लेई भिंतीला टेकून बसला. त्याला क्वेईझनवर आलेला राग आठवला, पेंगवरचा, सगळ्या गल्लीवरचा. आता तोच माणूस फोन कानाला लावून गप्प होता आणि एक म्हातारा पलीकडे उत्तराची वाट पाहत होता.

"मी बरा झालो नाही, दादा," शेवटी तो म्हणाला. "तिथं गेलोही नाही. पोराला विचारा, डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर बसवून काय सांगितलं. तो आधी खोटं सांगेल. तरी विचारत राहा. आणि दुसरी सुई घेऊ नका."

म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता, मग फोन बंद झाला. लेईनं परत लावला. कुणी उचलला नाही. यानली आल्यावर तिनंही लावला, निरोप लिहिले, त्यात घरचा नंबर दिला, शेनवहिनींचं म्हणणं पाठवलं. काही दिवसांनी नंबर लागेनासा झाला.

लेई अजून दोन हिवाळे काढून गेला. इस्पितळाचं औषध चालू होतं, हूच्या पैशांतलं यंत्र पलंगाशी घरघरत असायचं, आणि काय झालंय हे घरात कुणी लपवत नव्हतं. हू रोज दुपारी पत्ते खेळायला यायचा आणि लबाडी करायचा. च्यांगशीच्या त्या माणसाचं नावसुद्धा लेईला विचारायचं राहिलं होतं. अनोळखी नंबर आला की तो क्वेईझनच्या आधी हात पुढे करायचा. बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी विकायला फोन केलेला असायचा.