श्री काढलेलं मत

आमच्या हिच्या हातात कुठलाही कागद आला की आधी ती त्याच्या डोक्यावर श्री काढायची. वाण्याची यादी असो, बँकेचा फॉर्म असो, नाहीतर डाळ-तांदळाच्या डब्यांवरच्या पट्ट्या असोत. श्री, त्याखाली दोन रेघा आणि रेघांच्या मधोमध एक टिंब. टिंब कशाला, असं विचारलं तर म्हणायची, "शोभतं."

इथे परदेशात राज्याची निवडणूक जवळ आली तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून तिने पोस्टाने मत मागवलं. मला खोलीबाहेर काढलं, वर दारही ओढून घ्यायला लावलं. पाकीट चिकटवून झाल्यावर मी विचारलं, कुणाला दिलंस? ती म्हणाली, "मी कधी तुमच्या शब्दाबाहेर गेलेय का?" मी खूश. पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकून आलो. त्याच आठवड्यात ती गेली.

मग मी गिरावीन या उपनगरातल्या आमच्या घरात भिंतींकडे बघत बसायचो. सूनबाई म्हणाली, बाबा, बाहेर पडा नाहीतर वेड लागेल. आमच्या पक्षाला मतमोजणीला बसायला माणसं हवी होती, तिने माझं नाव देऊन टाकलं.

इथली रीत मजेशीर आहे. मतं मोजणारे सरकारी, पण त्यांच्यासमोर दोन्ही पक्षांची माणसं बसतात, सरकारवर आणि एकमेकांवर डोळा ठेवायला. कागदाला हात लावायचा नाही. नुसतं बघायचं, आणि खटकलं तर हरकत घ्यायची. त्याला शिक्षण लागत नाही. मी सातवीत शाळा सोडली आणि जन्मभर एस.टी.च्या डेपोत नट आवळले. बघायला काय, चष्मा पुरतो.

माझ्या शेजारी दुसऱ्या पक्षाची एक गोरी म्हातारी बसली होती, विणकाम घेऊन. मला मेट म्हणायची, म्हणजे दोस्त. उभ्या आयुष्यात मला कुठल्या बाईने मेट म्हटलं नव्हतं, त्यामुळे पहिला दिवस मी लाजण्यातच घालवला. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी चकली नेली. ती खाऊन घटाघटा पाणी प्यायली आणि म्हणाली, आमच्या पक्षाला संपवायचा हा तुमचा डाव दिसतोय.

पोस्टाची मतं निघाली तेव्हा मोजणारी पोरगी एका मतपत्रिकेवर थांबली. वर काहीतरी लिहिलंय, म्हणाली. मतदार ओळखू येईल असं काही लिहिलेलं असलं की मत बाद होतं. तिने पत्रिका आमच्याकडे वळवली.

श्री. दोन रेघा. मधे टिंब.

माझा हात आपोआप पुढे गेला. पोरगीने मला दटावलं, अंकल, हात नाही लावायचा. मी हात मागे घेतला आणि मग खाली बघितलं. इथे शिक्का नसतो, ज्याला मत द्यायचं त्याच्यापुढे एक लिहायचा; तो एकचा आकडा म्हातारीच्या पक्षापुढे होता. चांगला ठसठशीत, गिरवून काढलेला.

शब्दाबाहेर गेले नाही म्हणे. माझ्या पोटात हसू असं उसळलं की खुर्ची हलली.

ही माझ्या बायकोची, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. मी आयुष्यात जीभ आवरलेली नाही. पण ते बोललो असतो तर मत ओळखलं गेलं असतं आणि तिचं शेवटचं मत केराच्या टोपलीत. सगळे माझ्याकडे बघत होते. मत समोरच्या पक्षाचं, तेव्हा हरकत मी घेणार हे उघडच होतं. म्हातारीच्या सुया थांबल्या.

पोरगीने विचारलं, हे कुणाचं नाव आहे का?

"नो नेम," मी म्हटलं. "गॉड. आमच्या सगळ्या बायका काढतात. काउंट."

म्हातारी माझ्याकडे वाकली. "मेट, ते मत आमचं आहे. कळतंय ना तुला?"

"आय नो. काउंट."

पोरगीने रीतीप्रमाणे दोघांना विचारलं, हरकत? दोघांनीही नाही म्हटलं. पत्रिका म्हातारीच्या पक्षाच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली, आणि मला हसू आवरेना. खोकल्याचं नाटक केलं, पाणी प्यायलो, तरी थांबेना. डोळ्यांतून धारा लागल्या. म्हातारीने टिशू दिला. हे हसणं आहे की काय आहे, ते तिने विचारलं नाही. मलाही सांगता आलं नसतं. आमचा उमेदवार दणकून आपटला, त्याचं तर मला काहीच वाटलं नाही. घरी येताना बसमध्ये एकटाच हसत होतो. ड्रायव्हर आरशातून दोनदा बघत होता.

घरी आल्यावर सरळ स्वयंपाकघरात गेलो. तांदळाचा डबा खाली काढला आणि पट्टीवरच्या टिंबावर बोट ठेवलं.

"मोजलं बरं का तुझं," मी म्हटलं. "आणि इतकी वर्षं हेच करत होतीस ना?"

आतून सूनबाईने विचारलं, "बाबा, कुणाशी बोलताय?"

"विरोधी पक्षाशी."