आमच्यातली बाई

नांदेडच्या एका समुपदेशन केंद्रात मी दर पंधरा दिवसांनी लातूरहून जायचे. तिथल्या नव्या समुपदेशक मुली आपापल्या केसेस माझ्यासमोर मांडायच्या, कुठं अडलं ते सांगायच्या आणि मी त्यांना वाट दाखवायची, असं ते सुपरव्हिजनचं काम.

त्यातली एक भोकरकडच्या बंजारा तांड्यावरची होती. मानसशास्त्र शिकून बाहेर पडलेली तिच्या तांड्यातली पहिली मुलगी. मी लातूरच्या लिंगायत घरातली, वडलांचं आडतीचं दुकान. स्वतःला मी मोकळ्या मनाची समजत होते. तिच्या डब्यातली भाकरी मी खायचे आणि घरी येऊन नवऱ्याला ते सांगायचे. सांगण्यासारखं त्यात काय होतं, हे तेव्हा कधी मनात आलं नाही. तांड्यावरचं कुणी केंद्रात आलं की मी तिलाच विचारायचे, तुमच्यात हे कसं असतं? ती बिचारी सांगत राहायची.

एकदा तिनं एका कापड व्यापाऱ्याच्या सुनेची केस मांडली. बाईचं माहेर उदगीरकडचं. झोप नाही, अन्न जात नाही, डॉक्टरांना काही सापडत नाही. चार भेटी झाल्या होत्या. बाई आता कुठं बोलून राहिली, असं ती सांगत होती, तेवढ्यात माझं लक्ष फाइलवरच्या आडनावाकडे गेलं. घर आमच्या समाजातलं होतं. मी म्हणाले, ही केस मी घेते. अशा घरातली बाई तुझ्याजवळ मोकळी होणार नाही.

तिनं विचारलं, "त्या तसं म्हणाल्या का, मॅडम?"

"असं कुणी तोंडानं म्हणत नसतं. ते आपण ओळखायचं असतं."

तिनं फाइल माझ्याकडे सरकवली.

पहिल्याच भेटीत मी त्या बाईशी घरातल्या कानडीत बोलले. माहेरचं विचारलं तर तिचे मामा माझ्या जावेच्या नात्यातले निघाले. मला केवढा आनंद झाला. तिनं पदर सारखा केला आणि घरी सगळं चांगलं आहे म्हणाली. दुसऱ्या भेटीतही तेच. तिसऱ्या भेटीत तिनं विचारलं, त्या पहिल्या मॅडम कुठं गेल्या? मी म्हणाले, माझा अनुभव जास्त आहे, म्हणून मी आले.

खाली बघत ती म्हणाली, "त्यांना आमच्यातलं कुणी वळखत नव्हतं, अक्का. म्हणून सांगता येत होतं."

त्यानंतर ती आली नाही. सुपरव्हिजनमध्ये मी एवढंच सांगितलं की त्या बाईनं येणं बंद केलं. पुढे एक दिवस फाइल बंद करायला घेतली तेव्हा त्या मुलीनं लिहिलेलं शेवटचं पान पहिल्यांदा वाचलं. बारीक अक्षरात होतं: 'पुढच्या वेळी घरातल्या एका माणसाबद्दल सांगते म्हणाल्या. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घाई करायची नाही.' केस घेताना मी ही फाइल उघडलीच नव्हती. ते घर मला माहीतच आहे, असं धरून चालले होते. कुणी बघत नसताना मी फाइल मिटून टाकली.

त्या मुलीला खरं सांगायला मला आणखी महिना लागला. सांगितलं तेव्हा माफीही मागितली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही माझी माफी मागून राहिल्या, मॅडम," ती म्हणाली. "पण त्या बाईचं काय?"

तिनंच बाईच्या नंबरवर फोन लावला. फोन सासूनं उचलला. सून बरी हाय, तुम्ही कोण, असं विचारलं. चुकून लागला म्हणून तिनं ठेवला.

दोन आठवड्यांनी तिनं सुपरव्हायझर बदलून मिळावा म्हणून अर्ज आणला. त्यावर माझी सही लागत होती. कारणाच्या रकान्यात तिनं 'वैयक्तिक' असं लिहिलं होतं. ते खोडून खरं कारण लिही, असं मी म्हणू शकत होते. शेजारी दुसरं पेनही पडलेलं होतं. मी सही केली आणि अर्ज तिच्या हातात दिला. ती "येते मॅडम" म्हणून गेली.