शनासनाम्यातली कोरी घरं

तूरानदुख्त चौदा वर्षं इराणमधल्या लाहिजान गावच्या मुलींच्या शाळेत भूमिती शिकवत होती, तीही तासिका तत्त्वावर. यंदा कायम होणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव लागलं. उरली होती फक्त मुलाखत.

साहेबांनी तिचा शनासनामा उघडला. जन्म, लग्न, मृत्यू, सगळ्या नोंदी या एकाच पुस्तिकेत. मत दिलं की शेवटच्या पानावरच्या एका घरात शिक्का बसतो. साहेब थेट त्याच पानावर गेले.

"खानम, एकच शिक्का?"

"हो. अठराव्या वर्षी दिलं होतं मत."

"नंतर?"

"नाही दिलं."

"आजारी होतात?"

"ठणठणीत होते."

साहेबांची पंचाईत झाली. आजारपण, परगाव, बाळंतपण, काहीही लिहून घ्यायला ते तयार होते. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाले, "या शुक्रवारी मतदान आहे. शनिवारी पुन्हा दाखवायला या."

थोरला भाऊ कियूमर्स भट्टीतून कुलुचे काढत होता. गरम बिस्किटांचा ट्रे आपटत तो म्हणाला, "आबजी, एवढंच ना? कोरी चिठ्ठी टाक. पेटीला काय कळतंय? अर्धी गल्ली तेच करते."

"तूही?"

"मी तर चिठ्ठीवर टरबूज काढतो."

ती हसली. मग म्हणाली, "मी नाही जाणार, दादाश."

"मग शनासनामा हरवला म्हणून अर्ज कर. दुसरी प्रत कोरी करकरीतच येते. तिला कोण जाब विचारणार?"

"आणि माझा तो एक शिक्का?"

"जाईल. एक गेला तर काय बिघडतं, खुळे?"

"दोन तास रांगेत उभी होते मी त्यासाठी. नवी चप्पल घालून. तेव्हा वाटलं म्हणून गेले, पुढं वाटलं नाही म्हणून नाही गेले. दोन्ही मीच. पुसायचं काय म्हणून?"

"चौदा वर्षं घासलीस तू त्या शाळेत!"

"तेच तर म्हणते. चौदा वर्षं शिकवलं, ते त्यांना दिसत नाही. शिक्के बरे मोजता येतात."

कियूमर्सने पुढचा ट्रे आत सारला.

शुक्रवारी मतदान तिच्याच शाळेत होतं. ती घरी मासे साफ करत बसली. दोन शेजारणी हाक मारून गेल्या. तिने खवले काढता काढता मानेनंच नाही म्हटलं.

शनिवारी साहेबांनी पुन्हा तेच पान उघडलं.

"मी वाट मोकळी ठेवली होती, खानम."

"ठाऊक आहे. उपकार आहेत तुमचे."

त्यांनी कागदावर 'अपात्र' लिहिलं आणि सहीसाठी पुढं केला.

"कारण?" तूरानदुख्तने विचारलं.

"कारण लिहीत नाहीत."

"शिक्के कमी आहेत म्हणून ना? मग तसं लिहा."

"तसं लिहिता येत नाही."

"माझ्या पुस्तिकेत माझं सगळं लिहिलेलं चालतं. तुमच्या कागदावर तुमचं का नको?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. तिने त्यांच्यासमोरचं पेन उचललं. वर्गात फळ्यावर लिहायची तशा सुबक अक्षरात तिने 'अपात्र'च्या पुढं लिहिलं: 'कारण, मत दिलं नाही.' खाली सही केली. तारीख घातली.

"हे... यानं तुमच्या नावाची फाईल उघडते, खानम!"

"उघडू द्या."

आपल्या तासिका राहतील की जातील, हे तिने विचारलं नाही. दहाचा तास होता. शनासनामा पिशवीत टाकून ती शाळेकडे निघाली.