खिरापतीचा डबा

शरदाचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा ऑक्टोबरात नागपूरला यावं. पाऊस गेलेला असतो, थंडी आलेली नसते आणि मधल्या उकाड्यात जरीच्या साड्या नेसून घाम पुसत हसावं लागतं. यंदा कोजागिरीला भुलाबाईसाठी, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्यासाठी, मी कन्हानहून प्रताप नगरला भावाकडे गेले, ती पोचल्यापासूनच वैतागलेली होते. दारात फुगे लावलेले होते. भुलाबाईला फुगे! ज्वारीच्या धांड्यांचा मखर असतो, त्या जागी प्लॅस्टिकचा ऊस उभा केला होता, आणि भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकर, थर्माकोलचे होते. वहिनीनं सगळ्या बायकांना एकाच रंगाच्या साड्या नेसायला सांगितलं होतं. मी नेसले नव्हते, म्हणून मला फोटोत मागच्या रांगेत उभं केलं. आटवलेल्या दुधात गुलाबी रंग टाकला होता. पेल्यावर साय धरली होती, तीही गुलाबी. मला ती बघवेना, मी पेला मुकाट्यानं कुंडीत रिकामा केला.

एवढं सगळं सोसून मी गेले होते ती आईसाठी. तिनं फोन करून बोलावलं होतं.

आमच्याकडे भुलाबाईची गाणी झाली की खिरापत ओळखायची असते. ज्या घरी गाणी, त्या घरची बाई झाकलेला डबा पुढे आणते. बाकीच्यांनी तो हलवून, आवाज ऐकून, गोड की तिखट असं विचारून आत काय आहे ते सांगायचं. ओळखलं तर जिंकलो, नाही तर "हरलो" म्हणायचं, मग डबा उघडतात. तिच्या लहानपणी कोष्ट्यांच्या मोहल्ल्यात आई या खेळात कधी हरत नसे. हातमागांच्या खडखडाटातही तिला डब्यातली शेव आणि चकली वेगवेगळी ऐकू येई, असं मावशी सांगायची.

गेल्या काही महिन्यांत मात्र आईचं विसरणं वाढलं होतं. वरणात दोनदा मीठ पडायचं. एकदा तिनं गॅस सुरू केला आणि पेटवायलाच विसरली. भावानं लायटर उचलून कपाटात ठेवला आणि तेव्हापासून घरात सगळे तिच्याविषयी ती समोर असतानाच बोलू लागले. डॉक्टरांचं तिला काही कळत नव्हतं. फोनवर ती म्हणाली होती, "कोजागिरीले ये वं. खिरापत ओळखून पाहतो मी. डोकं चालून राहिलं का नाही, ते मले समजलं पाहिजे."

गाणी माइकवर झाली. निम्म्या बायकांना शब्द येत नव्हते, त्या मोबाइलमध्ये पाहून ओठ हलवत होत्या. मग वहिनीनं डबा आणला आणि आधी आईच्या हातात दिला. भाऊ मोबाइल घेऊन समोर उभा राहिला. प्रत्येक गोष्टीचं रील करायचा त्याला नाद आहे. आईनं डबा कानाशी धरला, हलवला, परत हलवला.

"गोड का तिखट?"

"तुम्हीच सांगा न आई," वहिनी म्हणाली.

आईनं डोळे मिटले. "गोड. शंकरपाळे."

"बरोब्बर!" सगळ्या एकदम ओरडल्या. टाळ्या पडल्या. कुणीतरी "आजी किती क्यूट" म्हणालं. डबा कुणी उघडलाच नव्हता. वहिनी तो घेऊन स्वयंपाकघरात गेलीसुद्धा.

आईचा चेहरा असा फुलला की मलाही क्षणभर खरंच वाटलं. मग कागदी प्लेटा आल्या. प्लेटांत चिवडा होता. आईनं त्यातला एक शेंगदाणा उचलला, पाहिला, परत ठेवला.

"शंकरपाळे कुठी आहेत?"

"संपले, आई," वहिनी आत जाता जाता म्हणाली.

"इतक्यात?"

"आई, इकडे पाह्य, हस न," भाऊ मोबाइलमागून म्हणाला.

आई हसली. ते हसू पाहून मला जी शिसारी आली, तशी त्या गुलाबी सायीचीही आली नव्हती. मी स्वयंपाकघरात गेले. वहिनीला म्हटलं, लहान पोरीसुद्धा या खेळात खोटं बोलत नाहीत. ती हातातलं भांडं आपटत म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाले थोडं बरं वाटलं, तर तुमचं काय गेलं, ताई? सगळ्यांले मीच सांगून ठेवलं होतं, काही बी म्हटलं तरी बरोबर म्हणा." आईची औषधं, आईची अंघोळ, सगळं तीच करते. मी वर्षातून चारदा येऊन नाकं मुरडणारी नणंद. मी बाहेर आले, पण किळस काही गेली नाही.

मी रात्री तिथंच राहिले. सकाळी आई पलंगावर बसून होती. म्हणाली, "डबा आण. तू भर."

मी छोट्या स्टीलच्या डब्यात फुटाणे भरले. तिनं तो कानाशी नेला. बराच वेळ हलवत राहिली.

"गोड का तिखट?"

"दोन्ही नाही."

"मुरमुरे."

"बरोबर" म्हणणं किती सोपं असतं, ते तेव्हा मला कळलं आणि वहिनीवरचा राग थोडा कमी झाला. पण ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"चूक," मी म्हटलं.

"शेंगदाणे?"

"चूक."

तिनं डबा मांडीवर ठेवला. "हरली मी," ती म्हणाली, पोरीबाळी म्हणतात तशीच. मग स्वतःच झाकण काढलं, एक फुटाणा तोंडात टाकला आणि चावत राहिली. मला रडू येत होतं. तिला नव्हतं.

"काहून तोंड पाडून बसली? आता तुही पाळी."

तिनं उशीखाली हात घातला, काहीतरी पदरात गुंडाळलं आणि माझ्या कानाशी आणून हलवलं. पहिल्याच झटक्याला मला ओळखू आलं. लायटर गेल्यापासून घरात कुणाला न सांगता तिनं ते तिथं लपवून ठेवलं असणार.

"माचीस," मी म्हटलं.

"बरोबर," आई म्हणाली आणि पदर सोडून ती माझ्या हातात ठेवली. "घेऊन जाय."