पावणेपाच हजारांची पावती

लग्नाकार्याला मोठाले टोप, कढया भाड्यानं द्यायचा आमचा धंदा. घर दहिवलीत. टोप मी उचलायचे, पावती बायकोनं लिहायची. मी तिसरीत शाळा सोडली, ती सातवी झालेली. मी टेंपोजवळून ओरडायचो, "पावणेपाच हजार लिव गं!" आणि नंतर खाली सही ठोकायचो. वर काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी मोहोपाड्याला एका कंपनीच्या कॉलनीत दरवर्षीप्रमाणे पूजेसाठी भांडी गेली. पावती मीच लिहिली. आकडा बरोबर टाकला, ४७५०. अक्षरी रकमेपुढं लिहिलं, पावणेपाच हजार. तिथल्या कारकुनानं कागद परत सरकवला.

"आजोबा, हे नाही चालत. चार हजार सातशे पन्नास फक्त, असं लिहा."

"मंग पावणेपाच म्हंजे येगळं काय हाय?"

"वेगळं नाही हो, पण वरचे बिल अडवतात. आजी बरोबर लिहायच्या. दुसरी आणा, मग पैसे."

घरी येऊन जुनी पुस्तकं चाळली. खरंच की! मी दीड हजार ओरडलो तिथं तिनं एक हजार पाचशे लिहिलेलं. जन्मभर असंच, आणि मला एका शब्दानं बोलली नाही. मला रागच आला. चारचौघांत माझी शोभा झाली ना!

हातातलं पुस्तक संपलं होतं म्हणून ट्रंकेतलं कोरं काढलं. ते कोरं नव्हतंच. नाव नाही, तारीख नाही, आकडा नाही, पण पानापानावर अक्षरी रक्कम भरलेली. पूर्ण सेट, अर्धा सेट, नुसत्या कढया, आमचे तीनच भाव. पुढं ‘फक्त’, आणि कोणी काही घुसडू नये म्हणून आडवी रेघ. शेवटच्या पानांवर तर रेघ पार वाकडी.

हे पुस्तक मीच आणलं होतं, कर्जतच्या बाजारातून, तिच्या गोळ्यांबरोबर. "आता पुस्तक कशाला? आधी बरी हो," असा खेकसलोही होतो.

"व्हते की. पन लागंल तुमाला," ती म्हणाली होती.

डॉक्टरनं मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं. मी तिच्यापासून लपवलं. वाटायचं, हिला काय ठाऊक! आणि मी टेंपो घेऊन गेलो की ही इथं बसून आपण नसतानाच्या पावत्या लिहीत होती.

मोहोपाड्याला त्यातलंच पान फाडून दिलं. कारकून म्हणाला, "आता कसं बरोबर!"

परवा सून म्हणाली, "मामंजी, सगळ्यांनी भाडं वाढवलं, तुमी कदी वाढवनार?"

"पुस्तक संपू दे."

"आनि संपल्यावर?"

"अजून निम्मं पुस्तक हाय."