पिंपातलं एन्झाइम आणि माझी प्लीहा

“तुम्हाला आयटीपी आहे,” मुंबईच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, प्लेटलेट्स, माझंच शरीर मारत होतं. कित्येक दिवस अंगावर जांभळे डाग उठत होते, हिरड्यांतून रक्त येत होतं. पोलादपूरकडच्या आमच्या गावात सगळे म्हणाले, उष्णता झाली, सब्जा खा. खाल्ला की! ढिम्म फरक नाही.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तोंड भोपळ्यासारखं सुजलं, प्लेटलेट्स जरा वाढून पुन्हा घसरल्या. मग मॅडम म्हणाल्या, “प्लीहा काढू या.” प्लीहा म्हणजे पोटात डावीकडची पाणथरी. अँटिबॉडी, म्हणजे रक्तातले पहारेकरी, चुकून प्लेटलेट्सना चिकटतात आणि प्लीहा त्या प्लेटलेट्स गिळते.

नवऱ्याने विचारलं, दुसरं काहीच नाही का?

“घसा दुखवणारा एक जीवाणू आहे,” मॅडम म्हणाल्या. “अँटिबॉडीवर साखरेची छोटी साखळी असते. ती साखळी तो जीवाणू आपल्या एन्झाइमने, म्हणजे कात्रीसारख्या रसायनाने, कापतो. साखळी गेली की प्लीहेची पकड सुटते. उंदरांवर प्रयोग चाललेत. माणसांसाठी औषध कधी होईल, सांगता येत नाही.”

घरी पोचेपर्यंत हे शेवटचं वाक्य गळून पडलं. सासरे गरजले, “औषध येतंय तर पोट कशाला फाडायचं? थांबायचं!”

दीर महाडच्या एमआयडीसीत, कपडे धुण्याच्या पावडरीत घालायचं एन्झाइम बनवतात त्या कारखान्यात. पाळी सुटल्यावर बाटली घेऊनच आला. “वहिनी, एन्झाइमच ना? आमच्याकडं पिंपांनी हाय. थेंब थेंब घ्या.”

सासूबाई चमचा घेऊन तयार!

“अरे मेल्या, जीव घेतोस काय माझा?” मी बाटली हिसकावली. प्रत्येक एन्झाइमचं काम वेगळं. कपड्यांचं ते पोटात गेलं असतं तर आतडी सोलून निघाली असती. बायांनो, कोणी असलं काही दिलं तर अजिबात घेऊ नका.

त्याच आठवड्यात नाकातून रक्ताची धार लागली, थांबेना. महाडच्या दवाखान्यात नाकात कापूस ठासून पडले होते, तरी सासरे म्हणतात, “थोडं थांब गो, औषध येईल.”

मग माझं डोकंच फिरलं. “मामा, ते येईल तेव्हा घ्यायला मी नको का? पोट माझं हाय. ऑपरेशनच्या कागदावर सही मीच करणार!”

केली. मुंबईत आधी लसी टोचल्या, कारण प्लीहा नसली की जंतू लवकर गाठतात. आजही ताप आला की मी काढा उकळत बसत नाही, सरळ डॉक्टर गाठते.

ऑपरेशननंतर प्लेटलेट्स वाढल्या. सगळ्यांच्याच वाढतात असं नाही, हेही सांगते. मॅडमचे उपकार आहेत. रक्त द्यायला सगळ्यांत आधी दीरच पळत आला, वेडा कुठला. उद्याच्या औषधाची आशा मलाही आहे, पण आशेपायी आजचा इलाज टाळू नका.

ऑपरेशन झालं त्या दिवशी शुद्धीवर आले तेव्हा सासरे उशाशी होते. हळूच म्हणाले, “लय दुखतंय का गो?”

“दुखतंय,” मी म्हटलं, “पण दुखायला मी हाय ना!”